आधी शील, मग चावी

घरमालक झाल्यावरचा पहिला मार मी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर खाल्ला. शनिवार, सकाळचे साडेनऊ, लोणावळ्यात शिरायच्या थोडं अलीकडे. मारणाऱ्यानं हत्यार वापरलं ते माझंच, चाव्यांचा जुडगा. तो त्यानं माझ्या हातातून हिसकला, मुठीत आवळला आणि दोन चाव्या बोटांच्या फटीतून बाहेर राहतील अशा बेतानं माझ्या नाकावर हाणला. नाकातून कोमट काहीतरी ओठांवर आलं. मी म्हणालो, "अहो, हे काय?" लोक मार खाताना शिव्या देतात, मी चौकशी केली. त्यावर दुसरा ठोसा बसला.

मी तळेगावात बायकोबरोबर राहतो आणि तिथल्याच एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. दिवसभर नटबोल्ट मोजणाऱ्या माणसाला संध्याकाळी मोबाइलवर जे दिसतं तेच मलाही दिसायचं. एक गोरागोमटा माणूस, पाठीमागे समुद्र, आणि तो सांगतोय की आपण झोपलो तरी आपली जागा जागी राहिली पाहिजे. एक लहानशी खोली घ्या, भाड्यानं द्या, मग बघा. मी बघितलं. लोणावळ्याजवळ भाजे या आमच्या गावी वडिलांच्या घराला लागून शेळ्यांचा रिकामा गोठा होता. तो पाडून मी दोन खोल्या काढल्या. मध्ये एक दार, मागं संडास-मोरी, वर पत्रा. पावसाळ्यात शनिवार-रविवारी आमच्या गावात धबधब्याला इतकी माणसं येतात की गावातल्या कुत्र्यांनाही रस्ता ओलांडायला थांबावं लागतं. त्यातली आठदहा आपल्या खोल्यांत राहिली तर झालंच, असा हिशेब.

पण माणसं आणायची कुठून, हे त्या समुद्रवाल्यानं सांगितलं नव्हतं. लोणावळ्याच्या रस्त्यावर पोरं उभी असतात, गाडी दिसली की चाव्या हलवतात, "बंगला, बंगला, पूलवाला बंगला!" हे मी लहानपणापासून बघत आलोय. म्हटलं, यात काय अवघड आहे? फक्त माझ्या खोलीच्या कुलुपाची चावी एकच, आणि तीही बोटभर. ती हलवली असती तर गाडीवाल्यांना वाटलं असतं मी कान कोरतोय. म्हणून घरातल्या कपाटाच्या, जुन्या सायकलच्या, कंपनीतल्या बंद पडलेल्या गोदामाच्या अशा सतरा चाव्या एका कड्यात ओवल्या आणि एका गुलमोहराखाली जाऊन उभा राहिलो.

तो गुलमोहर दुसऱ्याचा होता. म्हणजे झाड सरकारी, पण त्याखालची उभं राहायची जागा बारा वर्षं एकाच माणसाची. त्या रस्त्यावर प्रत्येक खांब, प्रत्येक झाड वाटून घेतलेलं आहे. कुणी आजारी पडला तरी त्याच्या खांबाशी दुसरा उभा राहत नाही. हे कुठंही लिहिलेलं नाही, म्हणूनच ते मोडलं की लगेच नाकावर लिहितात.

दुसऱ्या ठोशानं मी खाली बसलो. त्यानं एक लाथ बरगडीत घातली, मग माझ्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र त्याला दिसलं. ते मी काढायला विसरलो होतो. त्यानं ते वाचलं, मागचा गावचा पत्ताही.

"भाज्याचं का तू?"

मी मान हलवली. रक्त शर्टावर उडालं.

"कुणाचा?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. रेल्वेत गँगमन होते म्हणून सांगितलं.

"आयला!" तो एकदम उकिडवा बसला. "आरं भाऊ, मंग आदी बोलायचं ना! माझी मावशी तुमच्या वरच्या आळीला दिलीया. गाववाल्याला मारलं म्हंजी मी. वर बघ, वर बघ, डोकं मागं कर." त्यानं स्वतःच्या बाटलीतलं पाणी माझ्या तोंडावर ओतलं, रुमाल दिला, चहा पाजला आणि चहा पाजता पाजता माझ्या खोल्यांची सगळी माहिती काढून घेतली. "फॅमिली पाठवू का बॅचलर?"

"फॅमिली," मी नाक धरून म्हणालो.

"फॅमिलीला पूल लागतो, पोरांना पवायला."

"पूल नाही."

"मंग बॅचलर," तो म्हणाला. असा माझा धंदा सुरू झाला. त्या चावीवाल्याचं आणि माझं आजही बरं आहे, फक्त थंडीत माझं नाक चोंदतं.

आता वडिलांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

माझे वडील प्यायचे. मळवली ते कामशेतच्या मधल्या रुळांवर टिकाव मारणारा माणूस, अंगात ताकद अशी की दोघांचं काम एकटा करायचा, आणि पगाराच्या दिवशी दोघांची एकटा प्यायचा. मी बारा वर्षांचा असताना एका दुपारी त्यांनी टिकावाच्या दांड्यानं आईचा उजवा हात मोडला. मी आणि माझी बहीण बाजेखाली होतो. बहिणीचं तोंड मी हातानं दाबून धरलं होतं, तिनं माझ्या तळव्याला चावा घेतलेला आहे, वण अजून आहे. हाड मोडल्याचा आवाज मोठा नव्हता. आईचा आवाज तर आलाच नाही. हात कोपरात वाकडाच बसला. आजही तो डोक्यापर्यंत जात नाही, वेणी दुसऱ्या कुणीतरी घालावी लागते. आईनं बऱ्या हातानं तो दांडा चुलीत घातला आणि त्यावर आंघोळीचं पाणी तापवलं. त्याच पाण्यानं वडिलांनी आंघोळ केली, पांढरा सदरा घातला, विहारात गेले आणि पंचशील घेतलं. आमच्या घरात शीलं आधीपासूनच होती, सगळ्यांना पाठ होती. वडिलांनी ती त्या दिवशी पहिल्यांदा घेतली. पाचवं शील दारूचं. त्यानंतर सव्वीस वर्षं त्यांनी थेंब घेतला नाही. लग्नात, मयताला, गँगच्या पार्टीला, कुठंच नाही. दारू असलेल्या घरात ते पाणीसुद्धा पीत नसत.

असा माणूस, आणि त्याच्या अंगणात मी शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना खोल्या काढल्या. मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला बरोबर कळत होतं. मी फक्त तिकडं बघत नव्हतो.

वडिलांनी एकच अट घातली. "माझ्या दारात दारू न्हाई. आन् चावी मी देनार. येईल त्यानं आदी शील घ्यायचं, मंग चावी घ्यायची."

"बाबा, ती माणसं निरनिराळ्या धर्माची असतात."

"शीलाला धर्म लागत न्हाई. खोटं बोलू नको, चोरी करू नको, ह्याला काय लागतंय?"

"पण पाली त्यांना कळणार नाही."

"तू हायस ना सांगायला? एवढं शिकवलंय कशाला?"

झालं. पहिल्या शनिवारी चावीवाल्यानं पाच जण पाठवले. वडील पांढरा सदरा घालून अंगणात उभे. पाहुण्यांना चपला काढून ओळीत उभं केलं, हात जोडायला लावले, आणि एकेक शील म्हणत गेले. पाहुणे मागून म्हणत गेले, अडखळत, हसू दाबत. पाच शीलं संपल्यावर वडील माझ्याकडे वळले. "आता ह्येंना अर्थ सांग."

पाचही जणांच्या पाठीवरच्या पिशव्यांत काच वाजत होती. मी घसा साफ केला आणि वडिलांना न कळणाऱ्या इंग्रजीत म्हणालो, "बाबा तुम्हाला आशीर्वाद देतायत. प्रवास सुखाचा होवो, धबधब्यात पाय घसरू नये."

"थँक्यू अंकल!" पाचही जण वडिलांच्या पाया पडले. वडिलांनी चावी दिली.

माझ्या आयुष्यात मी चुका पुष्कळ केल्यात. एकदा चाळीस पेट्या उलट्या बाजूच्या आट्यांचे बोल्ट मागवले होते. पण उभ्या अंगणात, हात जोडलेल्या माणसांसमोर, स्वतःच्या बापाचं खोटं भाषांतर मी आधी कधी केलं नव्हतं. जमलं इतक्या सहज की मलाच आश्चर्य वाटलं.

चार आठवडे हे चाललं. रविवारी संध्याकाळी मी "साफसफाई" करायला आत जायचो, रिकाम्या बाटल्या चादरीत गुंडाळून पोत्यात भरायचो आणि गाडीवर बांधून मळवलीच्या भंगारवाल्याकडे न्यायचो. खड्डा आला की पोतं किणकिणायचं आणि मी मोठ्यानं खोकायचो. वासासाठी उदबत्त्या लावायचो, एका वेळी दोन पुडे. आई दारात बसून बघायची.

"तुझ्या गिऱ्हाइकाला उदबत्त्या लय लागत्यात रं," ती एकदा म्हणाली. एवढंच म्हणाली. आणि डावा हात वाकड्या कोपरावरून फिरवत राहिली.

वडील मात्र खूश होते. वरच्या आळीत सांगत फिरत होते. "लोक उगाच नावं ठिवत्यात शहरातल्या पोरांना. नीट सांगितलं की ऐकत्यात. आजपर्यंत येकानं शील मोडलं न्हाई." हे ऐकलं की मला त्या लोणावळ्याच्या लाथेची आठवण व्हायची. ती लाथ बरी होती.

पाचव्या शनिवारी आठ जण आले, सकाळी अकराला. एकाच कंपनीतले, पंचविशीतले. त्यातला एक दाढीवाला त्यांचा पुढारी, आणि एक लाल टोपीवाला त्याच्या सतत मागं मागं. शील घेताना लाल टोपीवाल्यानं मोबाइल काढून धरला. "अंकल, एक बार और, जरा कॅमेऱ्याकडे बघून." वडिलांनी खरंच पुन्हा म्हटलं, कॅमेऱ्याकडे बघून. मी आशीर्वाद सांगितला. चावी गेली. तासाभरानं ते धबधब्याला गेले आणि दोनच्या सुमारास भिजून परत आले तेव्हाच त्यांचे आवाज चढलेले होते.

भांडण कशावरून लागलं ते ऐकून तुम्ही मला हसाल, आणि हसायलाच पाहिजे. मी दोन खोल्यांत मिळून एकच प्लग बसवला होता. वायरमन म्हणत होता चार घ्या, मी म्हटलं, माणसं झोपायला येतात, प्लग मोजायला नाही. आठ माणसं, आठ मोबाइल, आठही पाण्यात जाऊन आलेले आणि बंद पडत चाललेले. दाढीवाल्यानं लाल टोपीवाल्याचा मोबाइल काढून स्वतःचा लावला. लाल टोपीवाल्यानं तो उपटून भिंतीवर आपटला.

मी त्या वेळी अंगणात वडिलांबरोबर बसून पत्र्याच्या पन्हाळीबद्दल बोलत होतो. आतून आधी शिव्या आल्या. मग कुणीतरी दारावर आदळलं, दार हाललं. मग काच फुटली. तो खिडकीच्या काचेचा आवाज नव्हता, जाड काचेचा होता. मी घाबरलो. मार लागेल म्हणून नव्हे, वडिलांना आवाज ओळखू येईल म्हणून.

मी धावत आत गेलो. आतलं मी अजून विसरलेलो नाही. लाल टोपीवाला भिंतीला पाठ लावून खाली सरकत होता, कपाळापासून हनुवटीपर्यंत रक्तानं माखलेला, टोपी आता सगळीच लाल. दाढीवाल्याच्या हातात बाटलीची मान. चौघं एकमेकांच्या छातीवर बसलेले, कुणी कुणाचा कान धरलाय, कुणी पोटात गुडघा खुपसतोय, एक जण माझ्या नव्या गादीचा कोपरा दातात धरून ओरडतोय, का ते आजही मला माहीत नाही. जमिनीवर दारू, पाणी आणि रक्त मिसळून दाराकडे वाहत होतं.

अशा वेळी माणसानं काय बोलावं? मी म्हणालो, "एक मिनिट! मी मालक आहे!"

दाढीवाला वळला. फुटकी बाटली माझ्या खांद्यात घुसली. दुखलं नाही, नुसतं गार लागलं, आणि मग दुखायला लागलं ते थेट दातांपर्यंत. मीही हात उचलला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी ठोसा मारला. तो दाढीवाल्याला न लागता दाराच्या चौकटीला लागला आणि माझी करंगळी मोडली.

मग दारात वडील आले. हातात टिकावाचा दांडा, नवा, फावड्यामागं ठेवलेला. त्यांनी एकदाच मारला, दाढीवाल्याच्या मनगटावर. बाटली पडली. तो ओरडला त्यावरून मनगट गेलं असावं. दुसऱ्यानं वडिलांना मागून मिठी मारली, तिसऱ्यानं भरलेली बाटली त्यांच्या डोक्यावर मारायला उचलली, ती पत्र्याच्या अँगलला लागून वरच फुटली आणि सगळी दारू वडिलांच्या डोक्यावरून, तोंडावरून, पांढऱ्या सदऱ्यावरून खाली आली. वडिलांनी मिठीवाल्याला पाठीवरून उलटा फेकला आणि रुळावर गँगला हाक द्यायचे तशी आरोळी ठोकली. खोली गप्प झाली. फक्त लाल टोपीवाला रडत होता.

"शील घेतलं व्हतं ना रं तुमी?" वडील म्हणाले. त्यांचा श्वास वर-खाली होत होता. "सकाळी. माझ्या म्होरं. हात जोडून."

त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं.

"घेतलं व्हतं का न्हाई? दारू पिनार न्हाई म्हनून?"

दाढीवाला मनगट पोटाशी धरून बसला होता. "कसली दारू? आशीर्वाद होता ना तो? तुमचा मुलगाच म्हणाला. पाय घसरू नये म्हणून."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता दांडा माझ्यावर येणार, आणि खरं सांगतो, यावा असं वाटलं. मी डोळे मिटले. काहीच आलं नाही. डोळे उघडले तर ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी तोंडावरून हात फिरवून पाणी निपटावं तशी दारू निपटली होती आणि तो ओला हात त्यांच्या ओठांपासून चार बोटांवर थांबला होता. नाकपुड्या फुलल्या होत्या. ते हाताकडे बघत होते.

दारात आई आली. तिनं ते बघितलं. ती आत आली, काचांवरून, अनवाणी.

"धर हे," वडील म्हणाले आणि दांडा तिच्या डाव्या हातात दिला. आवाज अगदी लहान झाला होता. "मला भायेर ने. माझ्यानं हितं ऱ्हावायचं न्हाई."

आईनं त्यांना बाहेर नेलं. त्यांनी सदरा काढून अंगणात फेकला आणि उघड्या अंगानं पावसात उभे राहिले, तोंड वर करून, ओठ घट्ट मिटून. मग नुसता टॉवेल पांघरून चालायला लागले. स्टेशनकडे. मी हाक मारली, त्यांनी मागं बघितलं नाही. नंतर कळलं, मळवलीहून गाडीनं कामशेत, तिथून जीपनं टाकवे बुद्रुक. माझी बहीण तिथं दिलीय. तिच्या दारात ते टॉवेलवर पोहोचले आणि म्हणाले, "चार दिवस ऱ्हाऊ दे. घरात वास हाय."

इकडं आई परत आली. खोलीच्या कोपऱ्यात खोका होता, त्यात अजून पाच-सहा बाटल्या भरलेल्या. तिनं तो पायानं अंगणात ढकलला आणि डाव्या हातानं दांडा घालायला सुरुवात केली. वाकडा हात हवेत तोल सांभाळत होता. आठ तरणीताठी पोरं आणि एक मालक भिंतीला चिकटून बघत होतो. एकेक बाटली फुटत होती, काच उडून तिच्या पायाला लागत होती, ती थांबली नाही. शेवटची फुटल्यावर ती माझ्याकडे आली आणि तोच दांडा माझ्या पाठीत घातला. जोरात. तिच्या आयुष्यात तिनं कुणाला मारलेलं मी पहिल्यांदा बघितलं, आणि बघायला मला वळावं लागलं.

"आशीर्वाद देतोस व्हय रं?" ती म्हणाली.

मी फोन केल्यावर चावीवाला अर्ध्या तासात जीप घेऊन आला. त्यानं आल्या आल्या लाल टोपीवाल्याचं डोकं बांधलं, दाढीवाल्याला दोन थोबाडीत दिल्या, मग दोघांना आणि मला एकाच जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. वाटेत मी आणि दाढीवाला खांद्याला खांदा लावून बसलो होतो, त्याचं मनगट, माझा खांदा. "सॉरी अंकल," तो म्हणाला. मी अडतीस वर्षांचा आहे. ते 'अंकल' मला बाटलीपेक्षा जास्त लागलं. त्याला प्लॅस्टर, मला नऊ टाके आणि करंगळीला पट्टी. पोलिसांत कुणी गेलं नाही, त्यांनाही घरी सांगायचं नव्हतं. चावीवाला मला घरी सोडताना म्हणाला, "भाऊ, तुला आदी कुनी इच्यारलं व्हतं, फॅमिली का बॅचलर?"

"मी फॅमिलीच म्हणालो होतो."

"व्हय, पन पूल न्हाई म्हनालास."

दुसऱ्या दिवसापासून मी रजा टाकली आणि फरशी घासायला बसलो. एका हातानं. फिनेल, सोडा, निरमा, कडुनिंबाचा पाला, शेणसुद्धा लावून झालं. भिंतीला चुना दिला. गाद्या जाळल्या. रोज सकाळी बहिणीच्या फोनवरून वडील आईला विचारायचे, "गेला का वास?" आई खोलीत जायची, मध्यभागी उभी राहायची, नाक वर करायची आणि फोनमध्ये म्हणायची, "न्हाई अजून." आणि मी पुन्हा घासायला बसायचो. सहाव्या दिवशी मी म्हणालो, "आई, मला तर काहीच येत नाही."

"तुला कवा येत व्हता?"

तळेगावहून बायको आली, एकदा वास घेतला आणि म्हणाली, "खोली दवाखान्यासारखी झालीय. आता इथं माणसं बाळंतपणाला येतील." मला हसू आलं नाही. सातव्या दिवशीही आई फोनवर "न्हाई" म्हणाली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती खोटं बोलतेय आणि का बोलतेय. तिला फरशीची काळजी नव्हती. ते परत येतील आणि वाटेत, कामशेतला, पूर्वी जिथं त्यांचा पगार जायचा त्या कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानासमोर जीप थांबेल, याची होती. लेकीच्या घरात ते कोरडे होते. रस्त्याची खात्री तिला नव्हती. सव्वीस वर्षांनी तिला पुन्हा पगाराच्या दिवसासारखं दाराकडे बघत बसावं लागत होतं, आणि ते मी केलं होतं.

मी गाडी काढली आणि टाकव्याला गेलो.

वडील भातात वाकून तण काढत होते, बहिणीच्या सासूच्या आणि तीन-चार बायांच्या ओळीत. मला बघून वर आले नाहीत. मीच पँट वर करून चिखलात उतरलो.

"आईनं पाटीवलं?"

"नाही. मीच आलो."

ते तण उपटत राहिले. मीही उपटायला लागलो. शेजारची बाई म्हणाली, "आरं दादा, ते भात हाय." मी उपटलेलं परत रोवलं.

"आशीर्वादच सांगितलास त्येंना?" वडील वाकूनच म्हणाले. "पयल्या दिवसापासनं?"

"हो. पहिल्या दिवसापासून."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

ते सरळ झाले आणि चिखलाच्या हातानं माझ्या थोबाडीत मारली. बायांच्या ओळीतले हात थांबले. कानात शीळ वाजत राहिली, तोंडात चिखल गेला. मी चिखल थुंकला नाही, गिळला. त्या सगळ्या पावसाळ्यात चार जणांचा मार खाल्ला, त्यातला हा एकच बरोबर मापाचा होता.

ते बांधावर येऊन बसले. मी शेजारी बसलो, थोडं अंतर ठेवून.

"मला वाटत व्हतं मी सोडली," ते म्हणाले. "सदऱ्यावर पडली तवा कळलं. सोडली न्हवती रं. नुसती लांब ठिवली व्हती." हात गुडघ्यावर ठेवून त्यांनी बोटं पसरली, चिखल वाळून तडकत होता. "हात तोंडाकडं गेला. तू बघितलास."

"थांबला होता बाबा."

"तुझी आई आली म्हनून थांबला."

बोलण्याबाबत माझी ख्याती आहे, कंपनीत मला बडबड्या म्हणतात. पण त्या बांधावर मला एक विनोद सुचेना.

"मी घरी आलो," ते म्हणाले, "आन् पुन्ना वाटलं, तर?"

"तर मी तुम्हाला मारीन," मी म्हणालो. मला वाटलं ते चिडतील.

ते माझ्या पट्टी बांधलेल्या करंगळीकडे बघायला लागले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "तू? चौकटीला मारनार तू." ते हसले, मोठ्यानं, खालून बायाही हसल्या. हसता हसता त्यांना खोकला आला. "तुला मारता येत न्हाई. तुज्या भरवशावर बसलो तर मेलोच मी."

"मग आईला सांगू. तिला येतं. माझ्या पाठीत घातला तिनं दांडा. डाव्या हातानं."

त्यांचं हसणं थांबलं. "तिनं मारलं?"

"आणि बाटल्या फोडल्या. सगळ्या."

"डाव्या हातानं?"

"उजवा वर जातो कुठं?"

हे मला म्हणायचं नव्हतं. निघून गेलं. वडिलांनी हातावरचा वाळलेला चिखल खरवडला. मग उठले, पाटाच्या पाण्यात हातपाय धुतले, बहिणीच्या नवऱ्याचा शर्ट अंगात चढवला. तो त्यांना आखूड होत होता, पोट दिसत होतं. खोल्यांचं काय करायचं ते त्यांनी तिथंच सांगितलं. शनिवार-रविवार बंद. महिन्याच्या भाड्यानं द्यायच्या, रोज कामाला जाणाऱ्या बाईमाणसाला, आणि शीलाचा अर्थ ते स्वतः मराठीत सांगणार. आज तिथं कामशेतच्या दवाखान्यातल्या दोन नर्सबाई राहतात आणि वडिलांनाच रक्तदाबावरून रागावतात. तो समुद्रवाला मला मोबाइलवर अजून दिसतो. मी पुढं ढकलतो.

"गाडी काड," ते म्हणाले. "आन् कामशेतच्या त्या कोपऱ्याला हळू करू नको. कुनी हात केला, गाय आडवी आली, काय बी झालं तरी थांबायचं न्हाई."

ते मागं बसले आणि आधारासाठी त्यांनी माझा खांदा धरला, नेमका टाक्यांचा. रूळ उचलणारा हात. मी ओरडलो.

"गप चालव," ते म्हणाले, आणि कामशेत मागं पडेपर्यंत त्यांनी पकड सैल केली नाही.